दोन चेंडूंमधली मराठी

सकाळी ६

भातकापणी उरकून शेतं मोकळी झाली, की रायगड जिल्ह्यात टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. तो पहिला पाऊस पडेपर्यंत चालतो. एका गावचा मंडप उतरतो न उतरतो तोच शेजारच्या गावात दुसरा उभा राहतो. या स्पर्धांमध्ये धावतं समालोचन करणं हे माझं काम. आज रविवार, चार दिवसांच्या स्पर्धेचा शेवटचा दिवस. सकाळपासून बाद फेरीचे सामने, संध्याकाळी उपांत्य फेरी आणि रात्री प्रकाशझोतात अंतिम सामना.

उठल्याबरोबर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. दिवसभर गार पाणी वर्ज्य. खिशात ज्येष्ठमधाचा तुकडा. मग वही उघडायची. आज खेळणाऱ्या प्रत्येक संघाचं एक पान: खेळाडूचं नाव, डावरा की उजवा, गोलंदाजी वेगवान की फिरकी, मूळ गाव कोणतं. नावाचा उच्चार पक्का नसेल, तर संघाच्या कर्णधाराला आत्ताच फोन. मैदानावरच्या पोराचं नाव भोंग्यावरून घरोघरी जातं. त्याची आई ते चुलीपाशी ऐकते. ते बिनचूकच गेलं पाहिजे.

सकाळी ७.३०

मैदानावर एक पूर्ण फेरी. फक्की नुकतीच मारलेली आहे. उजव्या फलंदाजाच्या लेग बाजूची सीमारेषा तोकडी आहे, कारण तिथे बांध आडवा येतो. समोरची बाजू लांब. खेळपट्टीवर काल संध्याकाळी पाणी मारून रोलर फिरवलाय, म्हणजे पहिले दोन सामने चेंडू जरा खाली राहील, ऊन चढलं की उसळेल. वारा खाडीकडून.

मोठ्या मैदानांवर टोकांना नावं असतात. वानखेडेवर गरवारे पॅव्हेलियनचं टोक आणि टाटा टोक. रेडिओ ऐकणाऱ्यांच्या पिढ्यांनी न पाहिलेलं मैदान या दोन नावांवर डोक्यात उभं केलं. तेच मी इथे करतो. एक देवळाचं टोक, दुसरं खाडीचं टोक. मिडविकेटला बांध, कव्हरला शाळा. दिवसभर या चार खुणा सोडायच्या नाहीत. ‘चेंडू शाळेकडे’ म्हटलं की गावातल्या माणसाला दिशा, उंची, अंतर सगळं कळतं. बाहेरच्याला दहा मिनिटांत कळायला लागतं.

सकाळी ८.१५

आवाजाची तपासणी. हे काम साऊंडवाल्यावर सोडून चालत नाही. मैदानाच्या पलीकडच्या कडेला लावलेला भोंगा शंभर मीटरवर असेल, तर तिथून माझा आवाज माझ्याकडे परत यायला साधारण पाव ते एक तृतीयांश सेकंद लागतो. आपलाच आवाज असा उशिरा कानावर पडला की जीभ अडखळते, माणूस शब्द लांबवायला लागतो. म्हणून जवळच्या स्पीकरचं तोंड माझ्याकडे वळवून घेतो आणि कानाला हेडफोन लावतो.

डीजेवाल्याशी खुणा ठरवायच्या. मी मूठ वर केली तरच गाणं. चौकार गेल्याबरोबर गाणं वाजलं, तर कुणी मारला, कुठे मारला, धावा किती झाल्या, हे सगळं त्या ढोलाखाली दबतं. आधी बातमी, मग ढोल.

तिसरी भेट लाइव्ह प्रक्षेपणवाल्या मुलांची. लोखंडी मचाणावर त्यांचा कॅमेरा असतो. माझ्या माइकची एक तार भोंग्याकडे जाते, दुसरी त्यांच्याकडे. म्हणजे दिवसभर मी दोन प्रकारच्या माणसांशी बोलणार. गावात घरी बसलेल्याला फक्त ऐकू येतं. यूट्यूबवर बघणाऱ्याला, मग तो आखातातला फिटर असो की बोटीवरचा खलाशी, चित्रही दिसतं. एकाच जिभेने दोघांचं समाधान करायचं आहे.

सकाळी ९

श्रीफळ वाढवून उद्घाटन, नाणेफेक. इथली भाषा लांब वाक्यांची आणि मानाची. सरपंच, ग्रामस्थ मंडळ, देणगीदार, ज्यांच्या स्मरणार्थ चषक ठेवलाय त्यांचं कुटुंब, सगळ्यांची नावं क्रमाने घ्यायची, गडबड करायची नाही. पंचांनी हात वर केला की ती भाषा मिटवून ठेवायची.

सकाळी ९.३०

पहिला चेंडू. माझ्या कामाचा गाभा इथे आहे, म्हणून तो सावकाश सांगतो.

ताशी १२० किलोमीटरने टाकलेला चेंडू फलंदाजापर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात पोचतो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. ‘गोलंदाजाने टाकलेला आखूड टप्प्याचा चेंडू फलंदाजाने मिडविकेटच्या दिशेने उंच टोलवला’ हे वाक्य उद्याच्या वर्तमानपत्रात शोभून दिसेल. माइकवर मात्र ‘टोलवला’ येईपर्यंत चेंडू बांधापलीकडे जाऊन पोरांनी परतही आणलेला असतो. म्हणून धावत्या समालोचनात वाक्य फुटतं आणि क्रियापद पुढे येतं. सकाळचा पहिला चेंडू मी असा सांगितला:

‘देवळाच्या टोकाकडून पहिलं षटक. गोलंदाज निघालाय, पंचांच्या डाव्या हाताने. आला... टाकला, आखूड, मारला! उंच, बांधाकडे, खाली क्षेत्ररक्षक, धावतोय, पोचतो का... नाही! टप्पा, आणि सीमापार. चार!’

यात कर्ता जवळजवळ नाही आणि कर्म तर नाहीच, तरी कुणाला काही विचारावं लागत नाही. याचं श्रेय मराठी क्रियापदाला. त्याच्या शेवटात लिंग आणि वचन असतं. चेंडू पुल्लिंगी, झेल पुल्लिंगी, धाव स्त्रीलिंगी, षटक नपुंसकलिंगी. ‘मारला’ म्हटलं की चेंडू. ‘घेतली’ म्हटलं की धाव. ‘घेतला’ म्हटलं की झेल. ‘संपलं’ म्हटलं की षटक. घेतली आणि घेतला यांच्यात एका स्वराचा फरक, पण एकात धावफलक हलतो आणि दुसऱ्यात माणूस परत जातो. ‘एक घेतली, दुसरीसाठी वळले’ यात धाव हा शब्द एकदाही येत नाही आणि लागतही नाही. म्हणूनच हा शेवटचा स्वर खाऊन चालत नाही. घाईत बोलतानासुद्धा तो स्वच्छ उमटला पाहिजे. नव्या समालोचकांना मी सगळ्यांत आधी याचाच सराव करायला लावतो.

काळाचंही एक शिस्तीचं गणित आहे. क्षणात संपणारी गोष्ट भूतकाळात: टाकला, मारला, हुकला, उडाली. वेळ घेणारी गोष्ट चालू वर्तमानकाळात: धावतोय, वळताहेत, फेकतोय. निकाल अधांतरी असेल तेव्हा प्रश्न: पोचतो का, मिळते का दुसरी? ऐकणाऱ्याला क्रियापदाच्या रूपावरूनच कळतं, की गोष्ट झाली, चालू आहे की व्हायची आहे.

चेंडू मेला की भाषा बदलते. आता पूर्ण वाक्यं. चेंडू आखूड का पडला, फलंदाज मागच्या पायावर कसा गेला, बांधाची बाजू तोकडी म्हणून त्याने ती कशी निवडली. कॅमेऱ्यावर बघणाऱ्याला हेच हवं असतं, कारण ‘चार गेला’ हे त्याला दिसलेलं असतं. चेंडू चालू असताना मी कानासाठी बोलतो आणि तो थांबला की डोळ्यांसाठी. दोन तारांचा प्रश्न मी असा सोडवला आहे.

षटक संपलं की आधी धावसंख्या. धावा, मग गडी, मग षटकं, मग किती हव्यात. हा क्रम दिवसभर बदलायचा नाही. मध्येच घरात शिरलेला माणूस याच क्रमाने कान लावून असतो. गुणलेखक माझ्या डाव्या हाताला बसतात, गावातल्याच शाळेतून निवृत्त झालेले.

‘काका, वाइड धरून?’

‘वाइड धरून सत्तेचाळीस. तीन गडी.’

त्यांनी सांगितल्याशिवाय आकडा माइकवर जात नाही.

सकाळी ११

आम्ही दोन समालोचक आहोत. दोन-दोन षटकं वाटून घेतो. आत्ता सहकारी बोलतोय, मला थोडी उसंत आहे.

धावत्या समालोचनाची ही पद्धत कुठून आली, हे आठवण्यासारखं आहे. १९२७ च्या मे महिन्यात बीबीसीने लेटनला चालू असलेल्या एसेक्स विरुद्ध न्यूझीलंड सामन्यातून पहिलं क्रिकेट समालोचन केलं. मुंबईत १९३४ मध्ये चौरंगी स्पर्धेच्या वेळी बॉबी तल्यारखान यांनी माइक हातात घेतला. पुढे ते दिवसच्या दिवस एकट्याने बोलत आणि माइक वाटून घ्यायला त्यांची तयारी नसे. ते सगळं इंग्रजीत. मराठीत ही वाट ज्यांनी मळली त्यांत पुण्याचे बाळ ज. पंडित आहेत, जे स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळले होते. ‘महाराष्ट्र टाइम्स’चे क्रीडा संपादक वि. वि. करमरकर यांनी तर लेखणी आणि माइक दोन्ही सांभाळले. क्रीडापानांनी आणि आकाशवाणीने मिळून षटक, यष्टिरक्षक, क्षेत्ररक्षण, नाणेफेक, निर्धाव, अवांतर हे शब्द घराघरांत नेले. त्या शब्दांना वजन आहे आणि चाल आहे. ‘निर्धाव षटक’ म्हणून पाहा, शेवटी आवाज आपोआप खाली उतरतो.

माझ्या माइकवर आकाशवाणीचं आणि मैदानाचं, अशी दोन्ही घराणी नांदतात. षटकार, चौकार, झेल, धावबाद हे शब्द मी तसेच ठेवतो, कारण ते ओठांवर पटकन येतात. यॉर्कर, फुलटॉस, नो बॉल, मिडविकेट हेही तसेच, कारण खेळणारी मुलं तेच म्हणतात. ‘त्रिफळाचीत’ आकाशवाणीचा, ‘दांडी उडाली’ मैदानाचा. वेग असेल तेव्हा दांडी, षटकानंतर सावकाश सांगताना त्रिफळा. ‘पायचीत’ मात्र आमच्याकडे क्वचितच लागतो, कारण टेनिस चेंडूच्या बहुतेक स्थानिक स्पर्धांत तो नियमच लावत नाहीत.

दुपारी १

जेवणाची सुट्टी नसते. वरणभात मांडवाच्या मागे पाळीपाळीने.

या वेळेला चिठ्ठ्यांचा ओघ सुरू होतो. वहीच्या कागदाचा फाटका चतकोर, घामाने ओला, वर पेनाने लिहिलेलं: पुढच्या षटकाराला अमुक शेठकडून ५०१ रुपये. दुसरी चिठ्ठी: एमएच ०६ पासिंगची पांढरी गाडी रस्त्यात आहे, काढावी. तिसरी: पुढच्या सामन्याच्या कर्णधारांनी नाणेफेकीसाठी यावं. चौथी: निळा शर्ट घातलेला लहान मुलगा मंडपात आहे, घरच्यांनी घेऊन जावं.

हे सगळं समालोचनात बसवायचं असतं. गोलंदाज पाठ करून धावपट्टीच्या मुळाकडे चालत असतो, तेवढी जागा माझी. तो वळला की चिठ्ठी खाली. हरवलेल्या मुलाची चिठ्ठी याला अपवाद. ती आल्याबरोबर वाचायची आणि तो सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचायची. बक्षिसाच्या चिठ्ठीत रक्कम आणि नाव दोन्ही नीट हवं. देणाऱ्याचा मान राहतो आणि खेळणाऱ्यालाही कळतं, की आपल्यावर कुणाची नजर आहे. यातली काही मुलं आठवडाभर कंपनीत पाळ्या करून रविवारी इथे येतात. पाचशे रुपये त्यांना लहान नाहीत.

दुपारी ३.३०

ऊन आता तिरपं. कव्हरला, शाळेच्या बाजूला उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाच्या थेट डोळ्यांत सूर्य. नुकताच तिथे एक सोपा वाटणारा झेल सुटला आणि मांडवातून हशा उठला. इथे समालोचकाची परीक्षा असते. माइक ज्याच्या हातात असतो त्याने त्या मुलाची टर उडवली, तर सगळं गाव त्याला आठवडाभर छळतं. मी म्हणालो, ‘सुटला. सूर्य समोर होता, शेवटच्या क्षणी हात डोळ्यांवर गेला.’ तेच खरं होतं. जे घडलं त्याचं कारण दिसत असेल, तर ते सांगणं हे माझं काम. पुढच्या षटकात कर्णधाराने त्याला बांधाकडच्या बाजूला हलवलं, तेही मी सांगितलं. ऐकणाऱ्याला कर्णधाराची हुशारी कळली आणि त्या मुलाच्या मागची कुजबुज थांबली.

काही गोष्टी मी माइकवर कधीच आणत नाही. गावांमधली जुनी भांडणं नाहीत. जात, रंग, अंगकाठी यांवरून एक शब्द नाही. पंचांच्या निर्णयावर शेरा नाही. भोंग्यातून गेलेला शब्द परत घेता येत नाही आणि समोर दोन गावांची तरणी पोरं उभी असतात. बोलीला मात्र दार सताड उघडं. माझा सहकारी आग्री बोलीत सहज शिरतो. चांगला फटका गेला की त्याच्या तोंडून घरचाच उद्गार बाहेर पडतो आणि सगळा मांडव एकदम सावरून बसतो. धावसंख्या आम्ही प्रमाण मराठीत सांगतो, कारण ती सगळ्यांना एकसारखी कळली पाहिजे. आनंद ज्याचा त्याने आपल्या बोलीत सांगावा.

संध्याकाळी ५.३०

दुसरा उपांत्य सामना. शेवटचं षटक, चार चेंडूंत पाच धावा हव्यात. फलंदाजाने शाळेकडे ढकलला, एक घेतली, दुसरीसाठी वळले. फेक थेट यष्ट्यांवर.

‘फेकला, थेट, दांडी उडाली! पंचांकडे बघूया.’

एवढं बोलून मी थांबलो. लेगला उभे असलेले पंच मुख्य पंचांकडे चालत गेले. एका बाजूने ‘आउट’चा गजर, दुसऱ्या बाजूने ‘नॉट आउट’चा. माझ्या जागेवरून फलंदाज बाहेर दिसला होता, तरीही ते माइकवर आणणं माझं काम नव्हतं. ‘दांडी उडाली’ हे घडलेलं आहे. ‘बाद’ हा निर्णय आहे आणि तो पंचांच्या बोटातून येतो. या दोन शब्दांतलं अंतर पाळलं नाही, तर पंचांनी वेगळा निर्णय दिल्यावर लोक पंचांवर धावून जातात.

रिची बेनॉ यांनी टीव्हीवर बोलण्याचा एक दंडक घालून दिला: चित्रात भर घालता येत असेल तरच बोला. भोंग्यावर तो पूर्णपणे पाळता येत नाही, कारण घरातल्या माणसासमोर चित्र नसतं. म्हणून मी तेवढ्या वेळात दोनच वाक्यं म्हटली: पंच चर्चा करताहेत, दोन्ही संघ आपापल्या जागी उभे आहेत. दुसरं वाक्य वर्णनाचंही होतं आणि विनंतीचंही. खेळाडू खरंच जागी थांबले. मग बोट वर गेलं. ‘धावबाद. धाव एकच. आता तीन चेंडू, चार धावा.’

संध्याकाळी ७.३०

दिवे लागले. अंतिम सामन्याआधी अर्धा तास आहे. गेल्या हंगामापासून सोबत येणारा एक कॉलेजचा मुलगा प्रदर्शनीय सामन्याची दोन षटकं बोलला. आवाज चांगला, नजर चांगली. पण मोबाइलवर ऐकलेल्या हिंदी समालोचनाच्या ओळी तो जशाच्या तशा उचलून आणतो. मी त्याला म्हटलं, ‘बाळा, तुला जे दिसलं तेच बोल. त्या ओळी दुसऱ्याने दुसऱ्या चेंडूसाठी केल्यात.’

‘दादा, पण लोकांना त्या आवडतात.’

‘आवडतात, कारण त्या ओळखीच्या आहेत. तू शाळेचं छप्पर म्हटलंस तेव्हा लोकांनी माना वळवल्या, बघितलंस का?’

त्याने बघितलं होतं. पुढच्या षटकात बांध, शाळा, देऊळ, खाडी, चारही खुणा त्याच्या बोलण्यात आल्या.

त्याच्यापुढे आता मोठा रस्ता आहे. आयपीएलचे सामने मराठी समालोचनासह मोबाइलवर ऐकता येतात आणि माजी रणजीपटू तिथे मराठीत बोलतात. २०२४ च्या मार्चमध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये टेनिस चेंडूची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग झाली. तिथपर्यंत जाणाऱ्या मुलाकडे वेगळेपण असेल तर ते या खाचरांत तयार झालेल्या बोलण्याचं. उसने अलंकार मुंबईत भरपूर आहेत.

रात्री १०

अंतिम सामना संपला. पाहुणा संघ सहा धावांनी जिंकला. गाणं वाजलं, फटाके झाले. बक्षीस समारंभात उपविजेत्यांना आधी बोलवायचं. बोलावताना नुसतं संघाचं नाव घेऊन भागत नाही. त्यांच्या डावखुऱ्या गोलंदाजाने शेवटून दुसऱ्या षटकात फक्त तीन धावा दिल्या, हे त्या वेळी सगळ्यांसमोर पुन्हा सांगायचं. मग विजेते, उत्कृष्ट फलंदाज, उत्कृष्ट गोलंदाज, मालिकावीर.

२ एप्रिल २०११ ला वानखेडेवर धोनीने कुलसेकराला मारलेला षटकार आठवला, की त्याच्याबरोबर रवी शास्त्रींचे शब्दही कानात येतात. दृश्य आणि शब्द आता वेगळे करता येत नाहीत. गावातही हेच घडतं, फक्त त्याची कुठे नोंद होत नाही. उद्या सकाळी टपरीवर, एसटीच्या थांब्यावर, कंपनीच्या बसमध्ये हा सामना पुन्हा सांगितला जाईल. ज्याने पाहिला तोही सांगेल, ज्याने घरातून नुसता ऐकला तोही सांगेल. आणि दोघेही बऱ्याच अंशी भोंग्यावरचे शब्द वापरतील. धावबाद झालेला मुलगा धावबादच राहिला पाहिजे. तीन धावांचं षटक तीन धावांचंच. झेल सोडणाऱ्याच्या डोळ्यांत सूर्य होता, हेही त्या सांगण्यात टिकलं पाहिजे. चेंडूच्या अर्ध्या सेकंदात सुचलेल्या भाषेवर एवढा भार असतो. तो पेलायचा तर डोळा सामन्यावर हवा आणि मराठी इतकी मुरलेली हवी, की क्रियापदाचा शेवट शोधावा लागू नये.